चुकीच्या उत्तरांची नोंदवही : संख्याशास्त्राच्या ऑनलाइन चाचण्यांचा प्रकल्प

३ जुलै

प्रकल्प आजपासून सुरू झाला. पहिल्या वर्षाच्या ‘संख्याशास्त्राची ओळख’ या अभ्यासक्रमाला १२० विद्यार्थी आहेत आणि शिकवणारे आम्ही तिघे आहोत. आजवर सत्राच्या मध्यावर एकच लेखी चाचणी होत असे. उत्तरपत्रिका तपासून परत मिळेपर्यंत तीन आठवडे जात आणि तोवर वर्ग प्रमाण विचलन (माहिती सरासरीपासून किती विखुरली आहे याचे माप) मागे टाकून संभाव्यतेपर्यंत पोहोचलेला असे. आपण कुठे चुकलो हे विद्यार्थ्याला कळायचे, तेव्हा ती चूक सुधारण्याची वेळ टळून गेलेली असायची.

या सत्रात प्रत्येकी १० प्रश्नांच्या चार छोट्या ऑनलाइन चाचण्या घ्यायच्या, त्यांतल्या सर्वोत्तम तिन्हींचे गुण धरायचे आणि अखेरीस एक चाचणी संगणक प्रयोगशाळेत देखरेखीखाली घ्यायची, असे ठरले. वारंवार चाचणी घेण्यामागे केवळ गुणांचा हिशेब नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. चाचणी हे मोजण्याचे साधन आहे तसेच शिकण्याचेही आहे, या समजुतीवर आम्ही तिघे पहिल्याच बैठकीत एकमत झालो.

८ जुलै

साधनाची निवड. विभागात मूडल आधीपासून आहे, त्यामुळे नवे काही विकत घेण्याचा प्रश्न आला नाही. मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली ही ऑनलाइन अध्यापनाची मुक्तस्रोत प्रणाली आहे. साध्या ऑनलाइन फॉर्मवर चाचणी घेता येईल, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते आणि पहिल्या चाचणीपुरते ते खरेही आहे. परंतु आम्हाला प्रश्नपेढी हवी आहे, म्हणजे विषयवार कप्प्यांत ठेवलेले, पुन्हा वापरता येणारे आणि प्रत्येक वापरानंतर ज्यांची आकडेवारी पाहता येईल असे प्रश्न. फॉर्ममध्ये प्रश्न त्या फॉर्मपुरताच जगतो.

प्रश्न बाहेर कोणत्या स्वरूपात काढता येतात, हे मी निवडीपूर्वीच तपासले. क्यूटीआय हे प्रश्नांच्या देवाणघेवाणीचे खुले मानक आहे आणि त्याची पहिली आवृत्ती २००० मध्ये आली. आमच्या रोजच्या कामाला मात्र गिफ्ट नावाचे साध्या मजकुराचे स्वरूप अधिक सोयीचे आहे. त्यात प्रश्न लिहायचा, महिरपी कंस उघडायचा, बरोबर उत्तराआधी बरोबरचे चिन्ह आणि चुकीच्या उत्तराआधी नागमोडी रेघ द्यायची, की झाले. ज्या सहकाऱ्यांना प्रणालीच्या पडद्यांमध्ये क्लिक करत बसणे नको वाटते, ते आता साध्या फाइलमध्ये वीस प्रश्न एका बैठकीत लिहून पाठवतात.

स्टॅक या साधनाचाही विचार केला. ख्रिस सँगविन यांनी विकसित केलेले हे साधन मॅक्सिमा या बीजगणिती प्रणालीच्या आधारे विद्यार्थ्याने लिहिलेली राशी तपासते. त्यामुळे ‘क्ष गुणिले क्ष’ आणि ‘क्षचा वर्ग’ ही दोन्ही उत्तरे समान असल्याचे त्याला समजते. कलनशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी ते फारच उपयोगाचे आहे. आमची उत्तरे बहुतांशी संख्या किंवा पर्याय अशी असल्यामुळे तूर्त ते बाजूला ठेवले आहे.

१५ जुलै

जुन्या प्रश्नांची झाडाझडती. तिघांकडचे मिळून १४० बहुपर्यायी प्रश्न जमले आणि ते सलग वाचल्यावर मन खट्टू झाले, कारण दोन तृतीयांशाहून अधिक प्रश्न ‘खालीलपैकी कोणती व्याख्या बरोबर आहे’ याच वळणाचे होते. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शिकण्याच्या उद्दिष्टांच्या उतरंडीत ही सगळी पहिलीच पायरी, नुसती आठवण्याची. आमच्या विद्यार्थ्यांना व्याख्या पाठ आहेत. दिलेल्या माहितीला मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या) लावावा की मध्य (सरासरी), हे मात्र त्यांना ठरवता येत नाही, आणि तेच आम्ही कधी विचारले नव्हते.

बाद केलेल्या प्रश्नांतले दोष ठरावीक होते. सर्वांत लांब पर्याय हाच बरोबर असणे. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय असला की तोच उत्तर असणे. प्रश्नाच्या वाक्याशी व्याकरणाने जुळणारा पर्याय एकच असणे. आणि कोणीही निवडणार नाही असा एखादा पर्याय केवळ चार भरावेत म्हणून घालणे.

एक प्रश्न आज आम्ही तिघांनी मिळून नव्याने बांधला. त्याची पद्धत पुढच्या सगळ्या प्रश्नांना लागू करायची असल्याने येथे सविस्तर लिहून ठेवते. माहिती अशी : २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. ही माहिती संपूर्ण समष्टीची, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचे त्या अख्ख्या गटाची, आहे असे स्पष्ट सांगून तिचे प्रमाण विचलन विचारले. मध्य ५ येतो, मध्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३२ येते, तिला ८ ने भागून विचरण ४ आणि वर्गमूळ घेऊन प्रमाण विचलन २ मिळते. जुन्या प्रश्नात चुकीचे पर्याय ३, ६ आणि ८ असे होते. ते कोठून आले हे कोणालाच सांगता आले नाही. नव्या प्रश्नात ४ आहे, कारण वर्गमूळ घ्यायचे विसरणारा तेथे पोहोचतो. २.१४ आहे, कारण ८ ऐवजी ७ ने भागणारा, म्हणजे समष्टी आणि नमुना (समष्टीतून निवडलेला भाग) यांत गल्लत करणारा, तेथे पोहोचतो. १.५ आहे, कारण वर्ग करण्याऐवजी केवळ फरकांची निरपेक्ष मूल्ये घेऊन सरासरी काढणारा, म्हणजे सरासरी विचलन आणि प्रमाण विचलन यांत घोटाळा करणारा, तेथे पोहोचतो. आता विद्यार्थी चुकला तरी तो कोणत्या वळणावर चुकला, हे त्याने निवडलेला पर्यायच सांगेल.

या एका प्रश्नाला ५० मिनिटे लागली. तपासणीत वाचणारा वेळ प्रश्न रचण्यात घालावा लागणार आहे, हे तिघांनीही मान्य केले.

२२ जुलै

अंदाजाने उत्तरे देण्याचा हिशेब. मायकेल रॉड्रिग्ज यांनी ८० वर्षांच्या संशोधनाचा २००५ मध्ये एकत्रित आढावा घेऊन बहुपर्यायी प्रश्नाला तीन पर्याय पुरेसे असतात, असा निष्कर्ष काढला होता, कारण चौथा पर्याय बहुधा कोणाला आकर्षित करत नाही. हा निष्कर्ष मला पटतो, पण चाचणी छोटी असेल तर त्याची किंमत मोजावी लागते. १० प्रश्नांच्या चाचणीत निव्वळ अंदाजाने निम्मी किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता चार पर्याय असताना सुमारे ८ टक्के असते, तर तीन पर्याय असताना ती सुमारे २१ टक्क्यांवर जाते. चाचणी २० प्रश्नांची असेल तर चार पर्यायांसह हीच संभाव्यता जेमतेम १.४ टक्के उरते. आम्ही मधला मार्ग काढला : प्रत्येक चाचणीत निदान चार प्रश्न संख्यात्मक उत्तराचे असतील, म्हणजे तेथे पर्यायच दिसणार नाहीत, आणि बहुपर्यायी प्रश्नात चौथा पर्याय खऱ्या चुकीतून सुचला तरच घालायचा.

चुकीच्या उत्तराला गुण वजा करायचे का, यावर बराच वेळ चर्चा झाली. चार पर्याय असताना एक तृतीयांश गुण वजा केला तर अंदाजाची सरासरी कमाई शून्य होते, हे गणित स्वच्छ आहे. परंतु उत्तर येत असूनही धास्तीने कोरे सोडणारा विद्यार्थी त्यात भरडला जातो आणि आपण संख्याशास्त्राऐवजी त्याचे धाडस मोजू लागतो. गुण वजा न करण्याचे ठरले.

सरावासाठी मात्र खात्रीनुसार गुणदान वापरून पाहणार आहोत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील टोनी गार्डनर-मेडविन यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत विद्यार्थी उत्तराबरोबर आपली खात्री तीनपैकी एका पातळीवर नोंदवतो. उत्तर बरोबर आल्यास अनुक्रमे १, २ किंवा ३ गुण मिळतात; चुकल्यास ०, उणे २ किंवा उणे ६. हिशेब केला तर खात्री दोन तृतीयांशाहून कमी असेल तेव्हा पहिली पातळी, ८० टक्क्यांहून अधिक असेल तेव्हाच तिसरी पातळी फायद्याची ठरते. आपल्याला किती येते याचा प्रामाणिक अंदाज बांधणाऱ्याला येथे बक्षीस मिळते. संभाव्यता शिकणाऱ्या वर्गाला याहून चांगला सराव कोणता द्यावा, मला सुचत नाही.

३० जुलै

रंगीत तालीम. वरच्या वर्गातील सहा विद्यार्थ्यांनी चाचणी सोडवून पाहिली. संख्यात्मक प्रश्नांत आमचीच फजिती झाली. ज्या प्रश्नाचे उत्तर ५ भागिले ७ होते, तेथे मी ०.७१४ हे उत्तर आणि ०.००१ इतकी सूट ठेवली होती, म्हणजे उत्तर तेवढेच इकडेतिकडे असले तर चालणार होते. सहांपैकी चौघांनी ०.७१ लिहिले आणि चौघांनाही शून्य गुण पडले. एकाने ७१.४ टक्के लिहिले, तेही बाद झाले. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देणाऱ्याचे उत्तर प्रणालीने कसे वाचले, हे पाहायला आम्हाला त्याची नोंद उघडावी लागली.

आता प्रत्येक संख्यात्मक प्रश्नाखाली ‘उत्तर दशांश अपूर्णांकात, दोन स्थळांपर्यंत लिहा’ अशी सूचना असेल आणि सूट किमान ०.००५ असेल, कारण दोन स्थळांपर्यंत नीट पूर्णांकन केलेले उत्तर खऱ्या उत्तरापासून याहून दूर जाऊ शकत नाही. मधल्या पायरीवर पूर्णांकन करणाऱ्यांसाठी सूट आणखी वाढवावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. त्यात एक धोका दडलेला आहे. माहितीत ५० निरीक्षणे असतील आणि प्रमाण विचलन ४ येत असेल, तर ५० ऐवजी ४९ ने भागणाऱ्याचे उत्तर ४.०४ येते, सूट ०.०५ ठेवली तर बरोबर आणि चूक दोन्ही उत्तरे एकाच जाळ्यात सापडतात. म्हणून आधी निरीक्षणांची संख्या लहान ठेवून चुकीच्या वाटा एकमेकींपासून लांब नेऊन ठेवायच्या आणि मग सूट ठरवायची, असा क्रम निश्चित केला.

६ ऑगस्ट

सुगम्यता. दृष्टिबाधित विद्यार्थी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे प्रत्येक आलेखाला पर्यायी मजकूर द्यावा लागतो. येथे एक अवघड पेच आला. एका प्रश्नात आयतालेख (स्तंभांनी वारंवारता दाखवणारा आलेख) पाहून वितरण कोणत्या बाजूला झुकलेले आहे हे ओळखायचे आहे, आणि सहकाऱ्याने पर्यायी मजकुरात ‘उजवीकडे झुकलेले वितरण’ असेच लिहिले होते. म्हणजे उत्तर सांगूनच प्रश्न विचारला. आता त्या जागी प्रत्येक वर्गाची वारंवारता सांगणारा तक्ता दिला आहे. पाहणारा आलेखावरून आणि ऐकणारा आकड्यांवरून तोच निष्कर्ष काढू शकतो.

वेळेची मर्यादा ज्याला हवी त्याला वाढवता आली पाहिजे, ही अपेक्षा वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आम्ही पात्र विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी वेगळी मुदत प्रणालीत आधीच भरून ठेवली. ऐन वेळी हात वर करून जादा वेळ मागण्याची पाळी कोणावर येऊ नये.

१४ ऑगस्ट

पहिली चाचणी झाली. १२० विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वेळी एकाच मिनिटात चाचणी उघडली आणि सर्व्हर अडखळला. काहींना पहिला प्रश्न दिसायला चार मिनिटे लागली. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र पानावर ठेवण्याचा निर्णय माझा होता आणि त्यामुळे सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्यांची संख्या विनाकारण वाढली. पुढच्या वेळी एका पानावर पाच प्रश्न असतील आणि चाचणी दिवसभरात केव्हाही सुरू करता येईल. सुरू केल्यावर ३० मिनिटे मिळतील.

त्याहून गंभीर चूक वेगळी होती. वेळ संपल्यावर अपुरा राहिलेला प्रयत्न आपोआप जमा व्हावा, काही सवलतीचा काळ मिळावा, की जमा न केलेला प्रयत्न धरूच नये, असे तीन पर्याय प्रणालीत असतात. जुन्या चाचणीची नक्कल करताना तिसरा पर्याय तसाच राहिला आणि आम्ही तिघांपैकी कोणीही तो तपासला नाही. ११ विद्यार्थ्यांचे प्रयत्न गुणाविना राहिले. संध्याकाळी एक विद्यार्थिनी विभागात आली. तिचे शब्द येथे लिहून ठेवते : “मॅडम, उत्तरं सगळी लिहिली होती. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं, तोवर वेळ संपला.” तिचा काहीच दोष नव्हता.

उत्तरे ठरावीक अंतराने आपोआप जतन होत होती, म्हणून ती सर्व मिळाली. आम्ही ती उघडून, प्रत्येक उत्तर स्वतः पाहून अकराही जणांना गुण दिले आणि झालेली चूक आमची आहे, असे सर्व वर्गाला लेखी कळवले. चाचणीपूर्वी तपासायच्या बाबींची यादी आज तयार झाली. तिच्यातली पहिली ओळ हीच आहे.

१६ ऑगस्ट

आकडेवारीचा अहवाल उघडला. प्रत्येक प्रश्नासमोर दोन आकडे आम्ही पाहतो. सुलभता, म्हणजे किती टक्के विद्यार्थ्यांना तो आला. आणि भेदकता, म्हणजे एकूण चाचणीत वरचढ ठरलेल्यांना तो कमकुवत ठरलेल्यांपेक्षा किती अधिक आला. नऊ प्रश्नांची भेदकता समाधानकारक होती. सातव्या प्रश्नाची उणे निघाली.

खात्री करण्यासाठी हाताने मोजले. ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवल्याप्रमाणे वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे प्रत्येकी ३२ विद्यार्थी घेतले. वरच्या गटातील ११ जणांचे उत्तर बरोबर होते आणि खालच्या गटातील १७ जणांचे. फरक उणे ६, त्याला ३२ ने भागून उणे ०.१९. जे चांगला अभ्यास करतात तेच या प्रश्नात अधिक चुकले होते.

प्रश्न साधा होता : ३, ५, ७, ८, १२, १३, १४, १८, २१ या माहितीचा पहिला चतुर्थक (जिच्याखाली साधारण पाव माहिती येते ती किंमत) काढा. उत्तरसूचीत ६ होते. मध्यक १२ बाजूला ठेवून खालच्या चार संख्यांचा मध्यक काढला की ६ येतो आणि आमच्या वर्गात हीच रीत शिकवली जाते. वरच्या गटातील चुकलेल्या २१ जणांपैकी १८ जणांनी ७ हा पर्याय निवडला होता. मी त्यांच्यातल्या दोघांना बोलावून विचारले. दोघांनीही प्रयोगशाळेत शिकवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरून ताळा केला होता आणि सॉफ्टवेअरने ७ दिले होते. मध्यकही खालच्या अर्ध्यात धरला तर ७ च येतो. चतुर्थक काढण्याच्या रीती खरोखरच एकाहून अधिक आहेत; हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या नऊ व्याख्यांची तुलना केलेली आहे. आम्ही एक रीत शिकवली, प्रयोगशाळेत दुसरी वापरली आणि ती दोन वेगळी उत्तरे देतात हे कोणालाही सांगितले नाही. मेहनती विद्यार्थ्यांनी दोन्ही शिकून घेतल्या आणि त्यातच ते अडकले.

६ आणि ७ दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून पुनर्गुणदान केले. कागदावरच्या चाचणीत हे कधीच उघडकीस आले नसते, कारण तेथे मी ७ पाहिले असते, लाल रेघ मारली असती आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली असती.

२ सप्टेंबर

दुसऱ्या चाचणीची उत्तरे वाचण्यात संपूर्ण दिवस गेला आणि या प्रकल्पातला हा सर्वांत समाधानाचा दिवस ठरला. १५ जुलैला बांधलेला प्रमाण विचलनाचा प्रश्न या चाचणीत होता. बरोबर उत्तर ६४ जणांचे आले. उरलेल्यांपैकी वर्गमूळ विसरणारे केवळ ९ होते. मी वर्षानुवर्षे वर्गात ज्या चुकीवर सर्वाधिक जोर देत आले, ती चूक फारशी कोणी करतच नाही. २.१४ निवडणारे ३८ होते. समष्टी आणि नमुना यांतला भेद वर्गातल्या जवळपास एक तृतीयांश विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि प्रश्नात ‘संपूर्ण समष्टी’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले असूनही ते त्यांच्या नजरेतून निसटले होते.

उद्याच्या तासाचा आराखडा मी बदलला. नवा घटक पुढे ढकलून त्याच आठ संख्या फळ्यावर लिहायच्या आणि ‘या आठ जणांपलीकडे आपल्याला कोणाविषयी काही म्हणायचे आहे का’ एवढाच प्रश्न विचारायचा. एकने कमी असलेल्या छेदाचे कारण तेथूनच सुरू होते.

प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली स्वतंत्र अभिप्राय लिहिण्याचे कामही आज संपले. ‘उत्तर चूक आहे, घटक ३ पुन्हा वाचा’ असे आम्ही कोठेही लिहिलेले नाही. ४ निवडणाऱ्याला ‘तुमचे विचरण अचूक आहे, प्रमाण विचलनासाठी आणखी एक पायरी उरली आहे’ असे दिसते. चुकलेल्या विद्यार्थ्याने काय बरोबर केले, हे त्याला आधी सांगावे, असा आमचा आग्रह आहे. चाचणीची मुदत सर्वांसाठी संपल्यावरच हा अभिप्राय खुला होतो.

१० सप्टेंबर

यादृच्छिक निवड. शेजारी बसून सोडवणाऱ्या दोघांना तेच प्रश्न येऊ नयेत म्हणून ४० प्रश्नांच्या कप्प्यातून प्रत्येकाला १० प्रश्न देणार आहोत. कोणत्याही दोघांचे सरासरी २.५ प्रश्न समान येतील. पण सरसकट कप्प्यातून निवड केली तर एखाद्याच्या वाट्याला सगळे अवघड प्रश्न येण्याची शक्यता राहते आणि त्याला तक्रार करायला सबळ कारण मिळते. म्हणून कप्प्याचे दहा उपकप्पे केले, प्रत्येकात एकाच उपघटकाचे आणि साधारण सारख्या सुलभतेचे चार प्रश्न ठेवले आणि प्रत्येकातून एक घ्यायचा असे ठरले.

प्रत्येकाला वेगळे आकडे देणाऱ्या प्रश्नांनी वेगळाच धडा दिला. मध्य आणि मध्यक यांतला फरक विचारणाऱ्या प्रश्नात यंत्राने निवडलेल्या आकड्यांच्या काही संचांत दोन्हींची किंमत सारखीच आली, त्यामुळे बरोबर उत्तर आणि चुकीचा पर्याय एकच झाले. आता यंत्राने तयार केलेला प्रत्येक संच आम्ही डोळ्यांखालून घालतो. काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

२५ सप्टेंबर

गैरप्रकार आणि देखरेख यांवर विभागाची बैठक झाली. कॅमेऱ्यातून नजर ठेवणारे सॉफ्टवेअर घ्यावे असा एक प्रस्ताव होता. मी विरोध केला आणि त्याची कारणे नोंदवून ठेवते. विद्यार्थ्याच्या खोलीचे चित्रण करणे ही मोठी घुसखोरी आहे. विचार करताना नजर इकडेतिकडे जाणे स्वाभाविक असते आणि त्याला संशयाची खूण ठरवणे अन्यायाचे आहे. शिवाय कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला दुसरा फोन त्याला दिसतही नाही. उत्तरे तयार करून देणारी संभाषणी साधने आता प्रत्येकाच्या हाताशी आहेत, तेव्हा घरी सोडवलेल्या चाचणीवर मोठा निर्णय अवलंबून ठेवणेच चुकीचे आहे.

शेवटी ठरले ते असे : चारही घरगुती चाचण्यांचे वजन कमी राहील, त्यांत पुस्तक आणि टिपणे पाहण्यास मुभा असेल आणि त्यांचा हेतू सराव व निदान हा असेल. अखेरची चाचणी प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या उपस्थितीत होईल. तेथे सेफ एक्झाम ब्राउझर वापरू. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात विकसित झालेले हे मुक्तस्रोत साधन चाचणीपुरते संगणकावरचे इतर प्रोग्राम आणि संकेतस्थळे बंद ठेवते.

१४ ऑक्टोबर

निष्कर्षाचे विवेचन करणारा एक दीर्घोत्तरी प्रश्न अखेरच्या चाचणीत असेल. तो यंत्राकडे तपासायला द्यायचा नाही, यावर दुमत नव्हते. गुणदानाची कसोटी तयार करून गेल्या वर्षीची २० उत्तरे मी आणि एका सहकाऱ्याने एकमेकांचे गुण न पाहता तपासली. ५ पैकी गुण द्यायचे होते आणि सहा उत्तरांत आमच्यात दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडला. कारण शोधले तेव्हा कळले, की ‘निष्कर्ष योग्य शब्दांत मांडला’ या ओळीचा अर्थ आम्ही वेगवेगळा घेत होतो. शून्य गृहीतक, म्हणजे ‘काही फरक नाही’ हे सुरुवातीचे गृहीत, फेटाळता येते किंवा येत नाही, ते सिद्ध होत नाही; म्हणून ‘शून्य गृहीतक सिद्ध झाले’ असे लिहिणाऱ्याला मी गुण देत नव्हते आणि सहकारी अर्धे देत होते. ती ओळ मोडून तिच्या दोन स्पष्ट ओळी केल्या.

५ नोव्हेंबर

चारही चाचण्या पार पडल्या आणि विश्वसनीयता, म्हणजे चाचणीचे गुण किती भरवशाचे आहेत ते, मोजली. बरोबर-चूक स्वरूपाच्या प्रश्नांसाठी कुडर आणि रिचर्डसन यांचे १९३७ चे सूत्र वापरले. पहिल्या चाचणीचा गुणांक ०.५५ आला (१ च्या जितका जवळ, तितका चांगला). विभागातल्या ज्येष्ठांना तो आकडा पाहून काळजी वाटली, पण १० प्रश्नांकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. स्पिअरमन आणि ब्राउन यांच्या सूत्राने हिशेब केला तर अशाच दर्जाचे ४० प्रश्न एकत्र धरल्यास गुणांक ०.८३ पर्यंत जातो. म्हणून एका चाचणीच्या गुणांवरून कोणाही विद्यार्थ्याविषयी काही ठरवायचे नाही, त्याला कच्चा किंवा हुशार म्हणायचे नाही, ही सूचना मी गुणपत्रकाच्या पहिल्याच ओळीत घातली आहे.

एका पालकांनी मुलाच्या तिसऱ्या चाचणीतल्या ४ गुणांविषयी विचारणा केली होती. त्यांना हेच समजावून सांगितले आणि चारही चाचण्यांतली त्याची उत्तरे एकत्र दाखवली.

२० नोव्हेंबर

देखरेखीखालील चाचणी सुरळीत झाली. तपासायच्या बाबींची यादी आता २३ ओळींची आहे आणि तिच्यामुळेच आदल्या दिवशी वेळेच्या सेटिंगमधली एक चूक सापडली.

प्रश्नपेढीत आज १६८ प्रश्न आहेत. त्यांची एक प्रत प्रणालीबाहेर साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून ठेवली. मूडलच्या २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून प्रश्नाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे कोणता प्रश्न केव्हा आणि का बदलला हे पुढच्या शिक्षकाला दिसेल. तरीही बदलाचे कारण मराठीत एका ओळीत लिहिण्याची सवय आम्ही तिघांनी लावून घेतली आहे.

३१ प्रश्नांसमोर ‘दुरुस्ती हवी’ अशी खूण आहे. त्यांतले १२ प्रश्न ९५ टक्क्यांहून अधिक जणांना आले, पण ते मी काढणार नाही, कारण तेवढे सगळ्यांना येणे आवश्यकच आहे. उरलेले १९ पुढच्या सत्राआधी तिघांत वाटून घेतले आहेत. चतुर्थकाच्या प्रश्नाची तिसरी आवृत्ती माझ्याकडे आहे. तिच्यात तीच नऊ निरीक्षणे आहेत आणि ६ व ७ ही दोन्ही उत्तरे प्रश्नातच दिलेली आहेत. प्रत्येक उत्तर कोणत्या रीतीने आले, हे विद्यार्थ्याने सांगायचे आहे.